मेणबत्त्या झाल्या, आता नावं घ्या

शांतता हा शब्द ऐकला की मला पोलीस ठाण्यातल्या चहाचा वास येतो. दंगल झाली की ठाण्यात शांतता कमिटीची बैठक लागते. ज्याचं घर जळलं तो एका खुर्चीवर, ज्यानं जाळलं त्याचा काका शेजारच्या खुर्चीवर. मधोमध साहेब. साहेब म्हणतो, दोन्ही बाजूंनी संयम राखावा. दोन्ही बाजूंनी! एका बाजूनं रॉकेल आणलं, दुसऱ्या बाजूनं घर आणलं, झाली बरोबरी. चहा येतो, बिस्किटं येतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आणि घर गेलेल्या माणसाकडून एका कागदावर सही घेतली जाते, की आता माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही.

1978 साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला तेव्हा आमच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेला मारलं. आणि सबुरीचा उपदेश कुणाला? ज्यांची घरं जळाली त्यांना. ती सबुरी 16 वर्षं चालली. 14 जानेवारी 1994 ला हातावर काय पडलं, तर नामांतर नाही, नामविस्तार. पेटवणाऱ्यांना कुणी कधी सबुरी शिकवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या पट्ट्यात आणखी एक शांतता आहे. पिंपरी, भोसरी, चाकण, कुठल्याही गेटावर जा. तिचं नाव औद्योगिक शांतता. कंत्राटी पोरगा बारा तास उभा राहून गप्प असला की शांतता. प्रेसमध्ये त्याची बोटं गेली तरी शांतता. त्यानं युनियनची पावती फाडली की शांतता भंगली! 1989 च्या सप्टेंबरात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेल्या टेल्कोच्या कामगारांना रातोरात पोलिसांनी उचललं. माणसं उपाशी बसली होती दोस्तांनो, उपाशी! याहून शांत आणखी कसं बसायचं असतं?

एवढं आधी सांगितलं ते यासाठी, की 2023 च्या जुलैत आमच्या संत तुकाराम नगरच्या आसपास जे बघितलं, ते मी कुठल्या डोळ्यांनी बघितलं हे तुम्हाला कळावं.

मणिपूर पेटून दोन महिने झाले होते. देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं 2 जुलैचा रविवार मणिपूरच्या शांततेसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला होता. आमच्या भागातल्या एका चर्चनंही त्या सुमारास फेरी काढली. पन्नास-साठ माणसं असतील. मेट्रोच्या खांबांखालून चालली होती. पाऊस होता, मेणबत्त्या टिकेनात, म्हणून शेवटी सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च लावले. माणसं चांगली होती. म्हाताऱ्या बाया होत्या, कामावरून थेट आलेली पोरं होती, नगर-जालन्याकडून दोन पिढ्यांमागं इथं कारखान्यात आलेली कुटुंबं होती. आपलीच माणसं. महारा-मांगाची. मीही बाजूनं चाललो. एका ताईनं हातात पत्रक दिलं. त्यात प्रेम होतं, क्षमा होती, दोन्ही समाजांत सलोखा नांदो असं होतं, राज्यकर्त्यांना सद्बुद्धी मागितली होती. मी ते खांबाच्या आडोशाला उभं राहून तीनदा वाचलं. त्यात एकही नाव नव्हतं. मेलेल्याचं नाही, मारणाऱ्याचं नाही, गावाचं नाही, मंत्र्याचं तर नाहीच. कुठल्याही सालच्या कुठल्याही भांडणाला ते पत्रक चाललं असतं.

आता त्या पत्रकात काय नव्हतं ते सांगतो.

मणिपुरात इम्फाळचं खोरं आणि भोवतीचे डोंगर. खोऱ्यात मुख्यतः मैतेई, राज्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून थोडे जास्त, बहुतेक हिंदू. डोंगरात कुकी-झो आणि नागा, बहुतेक ख्रिस्ती, अनुसूचित जमातीत. विधानसभेच्या 60 जागांपैकी 40 खोऱ्यात. म्हणजे राज्य कुणाचं हे सांगायला नको. त्या राज्य करणाऱ्या समाजातल्या संघटनांनी जमातीचा दर्जा मागितला. (ज्याच्या हातात सत्ता त्यालाच मागासांच्या यादीत जागा हवी, हे नाटक आपल्याला महाराष्ट्रात नवं नाही.) 27 मार्च 2023 ला हायकोर्टानं राज्य सरकारला तशी शिफारस करायला सांगितलं. त्याविरुद्ध 3 मे ला डोंगरातल्या आदिवासींनी मोर्चे काढले आणि त्या दिवशी आग लागली. पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो बंदुका गेल्या. शस्त्रागारातून बंदूक आपल्या पायानं चालत जात नाही. 60 हजार माणसं घरातून उठली, अडीचशेच्या वर मेली. कुकी मेले, मैतेईही मेले, त्यांचीही गावं जळाली. 4 मे ला दोन बायांना नागवं करून जमावानं धिंड काढली. तो व्हिडिओ 19 जुलैला बाहेर आला तेव्हा कुठं पंतप्रधानांच्या तोंडून त्यावर शब्द निघाला. अडीच महिने! आणि मुख्यमंत्री बिरेन सिंग यांनी राजीनामा दिला तो 9 फेब्रुवारी 2025 ला. वर्ष-सव्वा वर्ष नाही, 21 महिने खुर्ची तशीच.

सद्बुद्धी कुणाला मागायची होती, हे यातून शोधायला फार मोठं धर्मशास्त्र लागत नाही.

पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. इम्फाळचे आर्चबिशप डॉमिनिक लुमोन यांनी जून 2023 मध्ये पत्र काढलं होतं. त्यांनी लिहिलं, की हिंसा सुरू झाल्यापासून 36 तासांत 249 चर्च जाळली गेली. आणि ही कुकींची चर्च नव्हेत, मैतेई ख्रिस्त्यांची. खोऱ्यातल्या, मैतेईंमध्येच राहणाऱ्या, मैतेईच बोलणाऱ्या माणसांची. भांडण दोन जमातींचं होतं म्हणता, मग मैतेई वस्तीतलं मैतेईचं चर्च कुणी जाळलं आणि कशासाठी? ही माणसं कुकी नाहीत म्हणून डोंगरात त्यांना थारा नाही. ख्रिस्ती आहेत म्हणून खोऱ्यात त्यांचा भरवसा नाही. आता ‘दोन्ही समाज’ म्हणा बघू! दोन्हीत ती बसतच नाहीत. शांततेच्या त्या पत्रकानं त्यांना दुसऱ्यांदा जाळलं.

आणि ज्या माणसांच्या हातात ते पत्रक होतं ती कोण? महारातून, मांगातून ख्रिस्ती झालेली. म्हणजे इकडची मैतेई-ख्रिस्तीच की! 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात म्हणजे हिंदूच, असं ठरवलं. 1956 साली शीख घातले, 1990 साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती महार बाहेरच. त्याला शिवी जातीवरून पडते पण ॲट्रॉसिटी लागत नाही, कारण कागदावर तो दलित नाही. गावात तो महारडा आणि चर्चात? चर्चात तो भाऊ, पण पुढच्या बाकावरचा भाऊ वेगळा. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. 2016 साली कॅथलिक बिशपांनीच दलितांबद्दलचं धोरण काढलं आणि आपल्या घरात अस्पृश्यता आहे हे कबूल केलं. दलितातला पहिला कार्डिनल व्हायला 2022 उजाडलं, हैदराबादचे अँथनी पूला. येशू जन्मून दोन हजार वर्षं झाली, एवढा काळ लागला.

फेरीनंतर टपरीवर माझा एक खिरिस्ती दोस्त भेटला. पणजा दुष्काळात मिशनकडं गेलेला, बाप कारखान्यातून रिटायर, हा चाकणला कंत्राटावर. मी पत्रक त्याच्यापुढं धरलं.

तो म्हणाला, “भावा, तू बुद्धाचा. तुला शांततेचं वावडं कसं काय?”

मी म्हणालो, “वावडं शांततेचं नाही. नावं का नाहीत एवढंच सांग.”

“नावं घेतली की काय होतं ठाऊक आहे तुला? तुमच्या मागं हाक दिली तर हजार माणूस रस्त्यावर येतं. आमच्या मागं कोण आहे? भाड्याच्या हॉलात उपासना. उद्या चार पोरं गमछे बांधून आली, धर्मांतर चालू आहे म्हणून ओरडली, की पोलीस कुणाला गाडीत घालणार? पाळकालाच. आमची शाळा, आमचा दवाखाना, परदेशातला पैसा, सगळ्याचा गळा दिल्लीच्या हातात. तू सांग, कसं बोलायचं?”

त्याची भीती खरी आहे. तिला मी हसणार नाही. ग्रॅहम स्टेन्स यांना दोन लहान पोरांसकट गाडीत जाळलं ते 1999 साल आहे, काही पुराणातलं नाही. पण त्याच ओडिशातलं कंधमाल आठवा, 2008. मेले ते कोण? पानो दलित आणि कंध आदिवासी ख्रिस्ती. 50 हजारांच्या आसपास माणसं जंगलात आणि छावण्यांत. मग शांतता आली. कशी आली? गावागावांत निरोप गेले, की परत यायचं तर हिंदू होऊन या. ही अट आणि तिच्यावर शांततेचा शिक्का. त्या माणसांचं काय वाकडं झालं असतं चर्चनं नावं घेतली असती तर? घर तर आधीच गेलं होतं. गप्प बसून वाचतं ते मिशनचं कंपाऊंड. झोपडी वाचत नाही.

आणि चर्चला नावं घेता येत नाहीत हेही खोटं आहे. आली की घेतली आहेत, याच देशात.

नागालँडचं बघा. 1950 च्या दशकापासून तिथं लष्कर आणि फिझोचं भूमिगत सैन्य यांची लढाई. गावं जळत होती, माणसं छावण्यांत कोंबलेली. 1964 च्या सुरुवातीला नागा बाप्टिस्ट चर्चची परिषद वोखाला भरली. तिथं पाळकांनी काय केलं? नुसती प्रार्थना केली असती तर आज त्यांचं नाव मी घेतलं नसतं. त्यांनी माणसं मागितली, नावानिशी. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि रेव्हरंड मायकल स्कॉट. हे तिघं शांती मिशनमध्ये बसले. जंगलातल्या बंदूकवाल्यांनाही बोलावलं, सरकारलाही. दोघांना एका कागदावर आणलं आणि 6 सप्टेंबर 1964 पासून गोळीबार थांबला. चर्च दोन्ही बाजूंशी बोललं, खरंय. पण कोण सैन्य, कोण भूमिगत, कुठल्या तारखेपासून कुणी काय थांबवायचं, हे लिहून घेतलं. यालाच मी शांततेची हाक म्हणतो. पुढं बोलणी फिसकटली, 1966 साली स्कॉटला सरकारनं देशाबाहेर काढलं. मेणबत्ती लावणाऱ्याला कुणी देशाबाहेर काढल्याचं मी तरी ऐकलं नाही!

हा स्कॉट कोण होता तेही कळू द्या. गोरा अँग्लिकन पाद्री. 1946 साली डर्बनमध्ये हिंदी लोकांच्या सत्याग्रहात उतरला आणि वर्णद्वेषी सरकारच्या जेलात गेला. त्याच दक्षिण आफ्रिकेत 1985 साली पाद्र्यांनी आणि धर्मशास्त्र्यांनी मिळून कैरोस नावाचा दस्तऐवज काढला. त्यांनी आपल्याच चर्चची गचांडी धरली. त्यांचं म्हणणं असं, की जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा यांच्यात आधी न्याय न करता समेट करा म्हणणं हे पाप आहे. पाप! हा शब्द त्यांचा, आपला नाही.

आणि अमेरिकेत 1963 च्या एप्रिलात बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी काळ्यांना सांगितलं होतं, की रस्त्यावर येऊ नका, धीर धरा, कोर्टात जा. मार्टिन ल्यूथर किंगनं जेलातून त्यांना पत्र लिहिलं. तो म्हणाला, की मला क्लॅनवाल्यापेक्षाही मोठी अडचण वाटते ती या भल्या मवाळ माणसाची, ज्याला न्यायापेक्षा गडबड नको असते. किंगही पाद्रीच होता. पँथरनं नाव ओकलंडच्या काळ्या पोरांकडून घेतलं हे आपण मिरवतो, पण किंगचं हे पत्र आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? आमच्या भागातल्या पाळकानं वाचलंय का, हे मी विचारलं. ओल्ड टेस्टामेंटच्या कामात होता.

बाहेर तरी कशाला जायचं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो जमीन गिळणाऱ्यांविरुद्ध, गुंडगिरीविरुद्ध उभे राहिले. झगा घालून उभे राहिले. मराठीत बोलले, लिहिले, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पुण्याचे बिशप होते थॉमस डाबरे, त्यांनी तर तुकोबावर प्रबंध लिहिला. आमच्या नगराला नाव कुणाचं? त्याच तुकोबाचं. ज्याला सांगितलं होतं, की शूद्रानं वेद बोलू नये, गाथा नदीत बुडव आणि गप बस. इंद्रायणीकाठची शांतता बिघडू नये म्हणूनच ना? मग तुकोबाच्या नावाच्या नगरातलं चर्च एवढं पुळपुळीत का?

आणि स्टॅन स्वामी! तो गुन्हा तर आपल्या पुण्यातला, विश्रामबाग ठाण्यात नोंदवलेला. झारखंडात बंदुका दोन्हीकडून रोखलेल्या असताना हा जेजुइट म्हातारा जेलात सडणाऱ्या आदिवासी पोरांची मोजदाद करत बसला होता. कुणाला कुठल्या कलमाखाली धरलं, खटला का चालत नाही, हे विचारत होता. 8 ऑक्टोबर 2020 ला एनआयएनं त्याला उचललं. हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही, तर नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात कैदी म्हणूनच मेला, 84 वर्षांचा. तेव्हा मात्र चर्च बोललं. जेजुइट बोलले, बिशप बोलले, सोडा म्हणाले. बरं केलं. म्हणजे जीभ आहे! झग्यातल्या माणसासाठी चालते, मग 249 चर्चमधल्या बिनझग्याच्या माणसांसाठी ती टाळूला का चिकटली?

बाबासाहेबांनी हे केव्हाच हेरलं होतं. 1938 साली सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढंच ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल त्यांना आदर होता, तो त्यांनी लपवला नाही. पण तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही, हेही तोंडावर सांगितलं. आज ते सांगायला जावं तर माणसं म्हणतात, बुद्धाचा माणूस असून भांडतोस. अरे, बुद्धाला मधे घालून आम्हाला गप्प करायचा धंदा जुना आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ उघडा. बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ लावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केलाय. बुद्धानं शरणागती शिकवली नाही. अन्यायापुढं हात बांधून उभा राहणारा त्या पुस्तकात कुठंही सापडत नाही.

महाडचंच घ्या. 1927 चा डिसेंबर. तळ्याचं प्रकरण कोर्टात नेऊन मनाईहुकूम आणलेला. कलेक्टर मंडपात येऊन समजावतोय. हजारो माणसं पाणी घ्यायला तयार. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. शांतता पाळली! पण कशी? 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळून पाळली. कुठल्या पुस्तकानं आमचं पाणी तोडलं त्याचं नाव घेऊन, ते पुस्तक चितेवर ठेवून पाळली. आणि मग दहा वर्षं कोर्टात भांडून 1937 साली हायकोर्टात तळं जिंकलं. शांतता आणि गप्प बसणं या दोन गोष्टींत एवढं अंतर आहे, महाडच्या तळ्यापासून हायकोर्टाच्या पायरीपर्यंत.

आता आपल्याकडं वळतो, नाहीतर म्हणाल याला फक्त चर्चच दिसतं. आपल्या विहारांनी मणिपूरसाठी काय केलं? आमच्या भागात तरी माझ्या नजरेस काही पडलं नाही. पौर्णिमेला खीर वाटली. पँथरचे म्हणवणारे काही जण त्याच दिल्लीच्या सरकारात मांडीला मांडी लावून बसलेत, आणि चारोळ्या करतात. त्यांना मी सद्बुद्धी मागत नाही, मागून उपयोग नाही. पण जे अजून चाळीत, वस्तीत, कंपनीच्या बसमध्ये आहेत त्या पोरांनी त्या फेरीत का जाऊ नये? जावं. आणि पत्रक आपण लिहावं. ख्रिस्ती महार एकटा पडतो म्हणून भितो. तो एकटा पडतो कारण आपण त्याला ‘खिरिस्ती’ म्हणून कडेला टाकलाय, बाटगा म्हणालोय, आपल्याच बापजाद्यांच्या भावाला. यादीतून त्याला सरकारनं काढलं हे खरं. आपण त्याला जयंतीतून काढलं, ते कुठल्या आदेशानं?

25 डिसेंबरला आपण देहूरोडला जातो. 1954 साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली. मनुस्मृती जाळली तीही 25 डिसेंबरचीच. आणि त्याच दिवशी संत तुकाराम नगरपासून दापोडीपर्यंत चर्चमध्ये नाताळची घंटा वाजते. एकाच रस्त्यावरून दोन गर्द्या चालतात, एक निळी, एक पांढरी, आणि एकमेकींकडं बघतही नाहीत. या खेपेला आमच्या पोरांनी देहूरोडच्या रस्त्यावर टेबल टाकायचं ठरवलंय. टेबलावर एकच कागद. इम्फाळच्या आर्चबिशपांनी सांगितलेला 249 चा आकडा त्यात आहे. शस्त्रागारातून बंदुका कशा गेल्या आणि त्या वेळी गृहखातं कुणाकडं होतं, हा प्रश्न आहे. मैतेई, कुकी, नागा, कुणाचाही असो, उठलेल्या प्रत्येक माणसाला परत आपल्या गावात घर, ही मागणी आहे. आणि त्याखाली 1950 च्या आदेशातून धर्माची अट काढा, ही दुसरी मागणी. दोन्ही एकाच कागदावर. सकाळी टेबल विहाराकडून येणाऱ्यांसाठी, दुपारी चर्चच्या फाटकासमोर.

पाळकाला कागद आधीच नेऊन दिलाय. ते म्हणाले, कमिटीपुढं ठेवतो. माझा दोस्त दुपारच्या टेबलावर बसणार आहे. त्यानं बापाला विचारलं, तर बाप म्हणाला, “बस. पण नाव पुरं लिही, आडनावासकट.”